तीन चाचण्या, तीन आकडे: दमसासाचा अंदाज नेमका कशावरून घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरेगाव तालुक्यातला २४ वर्षांचा तरुण, वजन ६२ किलो. पोलीस भरतीची तयारी सुरू आहे आणि पुढे साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्येही उतरायचं आहे. कूपरच्या १२ मिनिटांच्या चाचणीत तो २६०० मीटर धावला, त्यावरून व्हीओटू मॅक्स, म्हणजे दमसासाचं माप, ४६.८ निघाला. घरच्यांच्या आग्रहावरून टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून घेतात ती हृदयाची ट्रेडमिल टेस्ट, केली. तिच्या रिपोर्टवर १०.२ मेट्स (एक मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर शरीराला लागणारा ऑक्सिजन), म्हणजे ३५.७. मनगटावरचं घड्याळ मात्र ५२ दाखवतं. "सर, यातला खरा आकडा कोणता? पुण्याला जाऊन लॅबमध्ये टेस्ट करून घेऊ का? आणि वडील ५४ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, त्यांचा दम कसा तपासायचा?"

आधी सरळ उत्तर देतो. तुमचा आकडा ४६ ते ५० च्या दरम्यान असावा. टीएमटीवरचा ३५.७ हा तुमचा कमाल आकडा नव्हेच, आणि घड्याळाचा ५२ जरा चढा आहे. लॅबची गरज आत्ता नाही. आता हे कशावरून म्हणतो ते सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढच्या वेळी तुमचा हिशेब तुम्हीच कराल.

व्हीओटू मॅक्स म्हणजे पूर्ण ताकदीने धावताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं आणि त्या रक्तातला किती ऑक्सिजन स्नायू काढून घेतात, या दोन गोष्टींचा हा गुणाकार आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि त्यांचे सहकारी लप्टन यांनी १९२३ च्या सुमारास धावणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेची पिशवी बांधून, श्वासातून बाहेर पडलेली हवा त्यात गोळा करून हे मोजलं. वेग वाढवत नेला तर ऑक्सिजनचा वापर एका टप्प्यापर्यंत वाढतो आणि मग थांबतो, हे त्यांनी दाखवलं. आजची लॅब तत्त्वतः तेच करते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो. जोरात धावणारा माणूस जी हवा बाहेर सोडतो तीत तो १७ टक्क्यांच्या आसपास राहतो. मधला फरक आणि मिनिटाला किती लिटर हवा आत-बाहेर झाली हे माहीत असलं की वापरलेला ऑक्सिजन निघतो. त्याला वजनाने भागलं की मिलिलिटर प्रति किलो प्रति मिनिट हा तुमच्या ओळखीचा आकडा मिळतो.

म्हणजे तोंडावर मास्क लावून हवा तपासली, तरच मोजमाप झालं. बाकी सगळा अंदाज. वेग, वेळ, अंतर किंवा हृदयाचे ठोके यांच्यावरून गणिताने काढलेला. अंदाज वाईट नसतो. पण तो कशावरून काढलाय हे माहीत नसेल, तर माणूस तुमच्यासारखा तीन आकड्यांमध्ये अडकतो.

आता तुमची टीएमटी. रिपोर्टचा जो फोटो तुम्ही पाठवलात त्यावर ब्रूस प्रोटोकॉल, वेळ ९ मिनिटं, शेवटचा ठोका १६७, आणि चाचणी थांबवण्याच्या कारणापुढे 'टार्गेट हार्ट रेट अचीव्ड' असं लिहिलंय. सगळं उत्तर याच ओळीत आहे. ब्रूस प्रोटोकॉलमध्ये दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात: आधी ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. हृदयरोगतज्ज्ञाला बघायचं असतं ते हृदयाला ताण दिल्यावर ईसीजीमध्ये काही बिघाड दिसतो का. त्यासाठी २२० वजा वय या हिशेबाने येणाऱ्या ठोक्यांच्या ८५ टक्क्यांपर्यंत नेलं की त्यांचं काम होतं. तुमच्या बाबतीत २२० वजा २४ म्हणजे १९६, आणि त्याचे ८५ टक्के १६७. बरोबर तिथेच पट्टा थांबवला. तुम्ही दमला नव्हता, तुम्हाला थांबवलं गेलं. आणि १०.२ मेट्स हा आकडा मशीनने मोजला नाही. तिसऱ्या टप्प्याच्या वेगावरून आणि चढावरून सूत्राने काढला. एक मेट म्हणजे ३.५, त्यावरून तुम्ही ३५.७ काढलेत.

पण याच रिपोर्टमधून आणखी एक गोष्ट काढता येते. तरुण निरोगी माणसाचे ठोके कमालीच्या ८५ टक्क्यांवर असतात तेव्हा ऑक्सिजनचा वापर त्याच्या कमालीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. ३५.७ हे तीन चतुर्थांश धरलं, तर पूर्ण आकडा ४७ च्या आसपास येतो. तुमची कूपर चाचणी ४६.८ सांगते. म्हणजे ज्या दोन आकड्यांमुळे तुम्ही गोंधळलात ते एकमेकांना दुजोराच देताहेत. यात दोन अटी आहेत. २२० वजा वय हा सरासरीचा नियम आहे, एखाद्याचे कमाल ठोके त्यापेक्षा दहाने कमी किंवा जास्त सहज असतात. आणि पट्ट्यावर चालताना तुम्ही पुढचा दांडा घट्ट धरला असेल, तर पायांवरचा भार हलका होतो आणि मशीनला वाटतं तेवढं काम झालेलंच नसतं. दांड्यावर रेलून केलेल्या टीएमटीचे मेट्स फिटनेससाठी मी विचारातच घेत नाही.

कूपर चाचणीकडे येऊ, कारण भरतीच्या मुलांसाठी खरी उपयोगाची हीच आहे. केनेथ कूपर अमेरिकेच्या हवाई दलात डॉक्टर होते. त्यांनी ११५ जणांना १२ मिनिटं धावायला लावलं, त्यांचाच व्हीओटू मॅक्स लॅबमध्ये मोजला आणि १९६८ मध्ये दोन्हींचा संबंध प्रसिद्ध केला. त्यातून आलेलं सूत्र म्हणजे मीटरमधलं अंतर वजा ५०४.९, भागिले ४४.७३. तुमच्या २६०० मीटरचे ४६.८ होतात ते असे. अंतर आणि लॅबचा आकडा यांचा मेळ त्यांच्या गटात फार चांगला होता, सहसंबंध ०.८९७ (१ म्हणजे पूर्ण मेळ). पण हा मेळ गटाचा आहे. एकेकट्या माणसाच्या बाबतीत चार-पाच एककांचं अंतर पडणं नवीन नाही. सूत्र दशांशात उत्तर देतं म्हणून ते दशांशापर्यंत खरं मानायचं नाही.

तुमच्या चाचणीत मला जास्त खटकलं ते फेऱ्यांचं वेळापत्रक. ४०० मीटरच्या ट्रॅकवर तुमचे फेरे असे आहेत: पहिला १ मिनिट ३० सेकंद, दुसरा १:४४, तिसरा १:५४, चौथा २:००, पाचवा २:०४, सहावा १:५२, आणि राहिलेला अर्धा फेरा ५६ सेकंदांत. भरतीच्या १६०० मीटर धावेची सवय असलेली जवळजवळ सगळी मुलं असंच करतात. शिट्टी वाजली की पाय भरतीच्या वेगाने सुटतात. पहिल्या फेऱ्यातच स्नायूंमध्ये लॅक्टेट (जोराच्या श्रमात तयार होणारा पदार्थ) साचतं आणि त्याची भरपाई तिसऱ्या ते पाचव्या फेऱ्यात करावी लागते. पाचव्या फेऱ्यात तुम्ही पहिल्यापेक्षा ३४ सेकंद जास्त घेतलेत. शेवटी वेग पुन्हा वाढला, म्हणजे दम शिल्लक होता. हीच शर्यत १:४८ च्या एकसारख्या फेऱ्यांत धावलात तर १२ मिनिटांत २६६० च्या पुढे जाल, आणि आकडा ४८ च्या वर येईल. तब्येतीत काडीचाही फरक न पडता. म्हणून पहिल्या कूपर चाचणीचा आकडा मी वहीत पेन्सिलने लिहायला सांगतो. आठवड्याने दुसरी घ्यायची, ती पक्की.

मैदानाचंही बघा. जिल्हा क्रीडा संकुलाच्या ट्रॅकवर पहिल्या लेनच्या आतल्या कडेने धावलात तर फेरा ४०० मीटरचा. तेच सगळ्या फेऱ्या एक मीटर बाहेरून मारल्या तर प्रत्येक फेऱ्याला सव्वासहा मीटर जादा धावता आणि ते हिशेबात येत नाहीत. साडेसहा फेऱ्यांत ४० मीटर गेले, म्हणजे जवळजवळ एक एकक. गावातल्या शाळेच्या मैदानावर फक्की मारून २०० मीटरचा ट्रॅक आखला असेल तर टेपने स्वतः मोजा, आधीच्या सरांनी मोजलाय यावर विसंबू नका. माण-खटावच्या बाजूला एप्रिलमध्ये सकाळी नऊ वाजता घेतलेली चाचणी आणि डिसेंबरात सात वाजता घेतलेली चाचणी यांची तुलना करू नये. उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं. पाचगणी-महाबळेश्वरला धावून आलेला आकडाही साताऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवू नका. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ असते आणि कसलेल्या धावपटूला थोडा फरक जाणवतो.

मैदान लहान असेल तर २० मीटरची बीप टेस्ट बरी. लेजे आणि लँबर्ट यांनी १९८२ मध्ये मांडलेली. दोन रेघा, मध्ये २० मीटर, स्पीकरवर बीप. वेग ताशी ८.५ किलोमीटरने सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. यात वेगाची चूक करायला वावच नाही, कारण वेग बीप ठरवते. एका वेळी तीस मुलं तपासता येतात. वळताना घसरायला होतं एवढंच. मातीच्या मैदानावर पाणी मारून रोलर फिरवलेला असावा. क्रिकेटवाल्यांची यो-यो टेस्ट याच घराण्यातली, फक्त तिच्यात मध्ये थोडी विश्रांती असते.

घड्याळ ५२ का म्हणतं? घड्याळ तुमचा वेग आणि त्या वेगाला पडणारे ठोके यांचं प्रमाण बघतं. कमी ठोक्यांत जास्त वेग म्हणजे दम जास्त, असा त्याचा तर्क, आणि तो बरोबरच आहे. गडबड होते ती आत जाणाऱ्या माहितीत. तुमच्या धावण्याच्या नोंदींत यवतेश्वर घाटाचा उतार बराच आहे. उतारावर वेग भरपूर, ठोके कमी. चढ-उताराचा हिशेब ज्या घड्याळाला नीट जमत नाही ते तिथे आकडा फुगवतं. दुसरं, पट्टा सैल असला किंवा थंडीत मनगटाकडचं रक्त कमी झालं की ठोके चुकतात. कधी तर ते हृदयाऐवजी पावलांचा ताल मोजू लागतं, तेव्हा उलट आकडा पडतो. छातीवरचा पट्टा लावून सपाट रस्त्यावर, रहिमतपूरच्या बाजूला म्हणा, तीन-चार वेळा ३० मिनिटं धावा आणि मग घड्याळ काय म्हणतं ते बघा. माझ्या दृष्टीने घड्याळाचा खरा उपयोग महिन्यागणिक रेघ वर जाते की खाली हे बघण्यापुरता आहे.

मग हा आकडा भरतीसाठी किती लागतो? ढोबळ हिशेब करू. समजा १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे आहेत. वेग झाला मिनिटाला २९१ मीटर. सपाटीवर धावण्याचं नेहमीचं सूत्र म्हणजे वेगाचा पाचवा भाग अधिक ३.५. त्यावरून मागणी आली ६२ च्या जवळ. एवढा व्हीओटू मॅक्स भरतीच्या फार कमी मुलांचा असतो. पण पाच-साडेपाच मिनिटांच्या धावेत साधारण चार पंचमांश ऊर्जा ऑक्सिजनवर येते आणि बाकीची ऑक्सिजनशिवाय. ६२ चे चार पंचमांश म्हणजे ४९-५०. तुम्ही आत्ता ४७-४८ वर आहात. म्हणजे साडेपाच मिनिटं तुमच्या टप्प्यात आहेत, फार लांब नाहीत. आठवड्यातून एकदा तीन-तीन मिनिटांचे पाच जोरदार तुकडे, मध्ये तेवढीच सावकाश धाव, आणि बाकी दिवस बोलता येईल अशा वेगाने धावणं. रोज १६०० मीटर वेळ लावून धावण्याने हे होणार नाही.

हिल मॅरेथॉनचं गणित वेगळं. तिथे दीड-दोन तास धावायचं आणि पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढायचा. तिथे कमाल आकड्याइतकंच महत्त्व, त्या कमालीच्या किती टक्क्यांवर तुम्ही तासन्तास टिकता आणि तेवढ्या वेगाला किती ऑक्सिजन खर्च करता, याला आहे. ऑस्ट्रेलियाचा डेरेक क्लेटन १९६९ मध्ये मॅरेथॉन २ तास ८ मिनिटं ३३ सेकंदांत धावला. त्याचा व्हीओटू मॅक्स मोजला तर ७० च्या आतच भरला, म्हणजे त्या दर्जाच्या धावपटूच्या मानाने कमी. पण तेवढ्यातलं फार थोडं वाया घालवायचा. तुमचा दम वाढला आणि अर्धमॅरेथॉनची तयारी गंभीरपणे करायची ठरली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये जाण्यात अर्थ आहे. तिथे व्हीओटू मॅक्सपेक्षा श्वासाचा उंबरठा आणि लॅक्टेटचा उंबरठा, म्हणजे ज्याच्या पुढे धाप एकदम वाढते आणि लॅक्टेट साचू लागतं तो टप्पा, किती ठोक्यांवर आहे, हे विचारून घ्या. रोजच्या सरावात वापरायला तोच आकडा कामी येतो. जाताना आदल्या दिवशी जोराचा सराव नको, तीन तास आधी जेवण, आणि मास्क लावून थोडं चालून बघा. चाचणी ८ ते १२ मिनिटांत दमवणारी असावी. वेग वाढूनही ऑक्सिजन वाढेना असा सपाट टप्पा सगळ्यांना येत नाही. तो आला नाही तर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनचं गुणोत्तर १.१० च्या पुढे गेलं का ते बघतात. तेही गेलं नसेल तर लॅबचा आकडासुद्धा तुमचा कमाल नाही, मशीन कितीही महागाचं असो. त्या दिवशी गॅस आणि तीन लिटरची सिरिंज लावून मशीन कॅलिब्रेट केलंय का, म्हणजे त्याचं माप पडताळून घेतलंय का, हे विचारायला लाजू नका.

तुम्ही पैलवान मित्राचा आकडा ४५ आल्याचं ओझरतं लिहिलंय, 'माझ्यापेक्षा कमी' म्हणून. इथे घाई करू नका. ९५ किलोचा पैलवान मिनिटाला ४.३ लिटर ऑक्सिजन वापरत असेल तर किलोमागे ४५ येतात. तुमचे ६२ किलो गुणिले ४७ म्हणजे २.९ लिटर. इंजिन त्याचं मोठं आहे, फक्त ते ९५ किलो ओढतंय. धावायला किलोमागचा आकडा बघावा. मॅटवर समोरच्याला उचलायचं असतं, तिथे लिटरमधलाही बघावा लागतो. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून सांगली-मिरजेपर्यंतच्या तालमींमध्ये पैलवानांना कूपर टेस्टवरून 'दम नाही' असं ठरवताना मी पाहतो, तेव्हा वाईट वाटतं. त्यांची चाचणी सायकलवर घ्यावी, तिथे अंगाचा भार सीट उचलते.

मुलींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या गटात आहेत म्हणून सांगतो. ज्यांना लगेच १२ मिनिटं धावणं झेपत नाही त्यांच्यासाठी क्वीन्स कॉलेजची स्टेप टेस्ट आहे. ४१.३ सेंटिमीटर उंचीचं बाकडं, तीन मिनिटं, मुलींनी मिनिटाला २२ वेळा चढ-उतार. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक ताल देणारं अ‍ॅप) ८८ वर लावला की प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. थांबल्यावर पाचव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत मानेजवळ ठोके मोजायचे, चारने गुणायचे. मुलींसाठी सूत्र: ६५.८१ वजा ठोके गुणिले ०.१८४७. पंधरा सेकंदांत ३८ ठोके म्हणजे १५२, आकडा ३७.७. मुलगी बुटकी असेल तर तेच बाकडं तिला जड जातं आणि आकडा कमी येतो, हे लक्षात ठेवा. आणि तीन महिने नियमित सराव करूनही एखादीचा आकडा हलत नसेल, तर सराव वाढवू नका, आधी हिमोग्लोबिन तपासा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. १३ ऐवजी १० असेल तर रक्ताच्या प्रत्येक १०० मिलिलिटरमागे चार मिलिलिटर ऑक्सिजन कमी. ते जोरदार तुकड्यांच्या कुठल्याही सरावाने भरून निघत नाही. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. याच मातीतल्या मुलींमध्ये केवढी कुवत आहे हे त्यातून दिसतं. रक्त कमी असलेल्या मुलीला आळशी म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आता वडील. त्यांची गोळी कोणती हे आधी बघा. नावाच्या शेवटी 'ओलॉल' असेल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी, तर ती ठोके दाबून धरते. मग ठोक्यांवर बेतलेली प्रत्येक चाचणी, स्टेप टेस्ट असो, १६०० मीटर चालण्याची रॉकपोर्ट टेस्ट असो की घड्याळ, त्यांच्यासाठी खोटी ठरते. आकडा भलताच चांगला येतो आणि माणूस निर्धास्त होतो. गोळी मात्र चाचणीसाठी आपल्या मनाने बंद करायची नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखालची टीएमटी हीच पहिली पायरी, आणि तिथे मेट्सचा आकडा जरूर विचारा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून जास्त पुरुषांच्या अभ्यासात दर एक मेट जास्त असणाऱ्यांचं जगण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी चांगलं दिसलं होतं. बीपी, साखर, कोलेस्ट्रॉल याइतकाच हा आकडा फाइलमध्ये लिहून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की घरी सहा मिनिटं चालण्याची चाचणी करा. अंगणात किंवा गल्लीत ३० मीटर मोजून दोन्ही टोकांना वीट ठेवा. सहा मिनिटांत जमेल तेवढ्या फेऱ्या, धावायचं नाही, दम लागला तर थांबायचं, घड्याळ चालू ठेवायचं. पहिल्या दिवशीचं अंतर सोडून द्या, दुसऱ्या वेळी घेतलेलं लिहा. पुढे दर दोन महिन्यांनी त्याच गल्लीत, त्याच वेळी, त्याच चपला-बुटांत. चालताना छातीत दडपण, डाव्या हाताला कळ किंवा चक्कर आली तर चाचणी तिथेच संपली, आणि पुढचा फोन डॉक्टरांना करायचा.